लाइपझिग, नोव्हेंबर १९००

तुम्ही लाइपझिगच्या बायरिशर बानहोफ स्टेशनाबाहेर उभे आहात. नोव्हेंबर १९००, सकाळची वेळ. अंगात जाड लोकरी कोट आहे. तो कुणाचा, ते विचारू नका. कालप्रवासात कपड्यांची सोय होते आणि समोरच्याचं जर्मन आपोआप कळतं, एवढी सवलत आपण घेऊन टाकू. हवेत लिग्नाइटच्या धुराचा वास आहे. चार वर्षांपूर्वी सुरू झालेली विजेची ट्राम घंटा वाजवत निघून जाते. तुम्ही पायीच निघता, कारण लिनेस्ट्रासे जवळच आहे. बोटॅनिकल गार्डनमधली झाडं पानं गाळून बसली आहेत. त्याच रस्त्यावर एक नवी कोरी इमारत आहे, जेमतेम तीन वर्षांपूर्वी उघडलेली. लाइपझिग विद्यापीठाची भौतिक रसायनशास्त्राची संस्था ती हीच. प्रमुख प्राध्यापक विल्हेल्म ओस्टवाल्ड, वय ४७.

इथे कशासाठी आलात? बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली असेल, तर फिजिकलच्या प्रॅक्टिकलला तुम्ही काय काय केलं ते आठवा. व्हिस्कॉमीटरमधून द्रव खाली उतरताना स्टॉपवॉच दाबलं असेल. मिथिल ॲसिटेटचं हायड्रॉलिसिस करताना दर दहा मिनिटांनी टायट्रेशन केलं असेल. बेकमन थर्मामीटर हातात देताना सरांनी ‘फोडलात तर ब्रेकेज भरावं लागेल’ असा दम दिला असेल. व्हिस्कॉमीटर ओस्टवाल्ड यांचा. मिथिल ॲसिटेटवर आम्लांचा जोर मोजायची युक्तीही त्यांचीच, लाइपझिगला येण्याआधीची. बेकमन तर त्यांच्याच हाताखाली सहायक होते, आणि अंशाचा शंभरावा भाग दाखवणारा तो थर्मामीटर त्यांनी इथेच, ब्रूडरस्ट्रासेवरच्या जुन्या जागेत बनवला. आपल्या विद्यापीठांच्या प्रॅक्टिकलच्या यादीतले निम्मे तरी प्रयोग या गावातून निघालेत. ते इथे कसे शिकवले जात, हे एकदा बघायला हवं.

दार ढकलून आत या. गॅसच्या दिव्यांचा वास येतो, आणि जर्मनच्या बरोबरीनं इंग्रजी कानावर पडतं. निम्मं जग इथे आलंय. अमेरिकन आहेत, इंग्रज आहेत, रशियन साम्राज्यातून आलेले आहेत, एक जपानीही आहे. १८८७ साली ओस्टवाल्ड रिगाहून इथे आले, तेव्हा भौतिक रसायनशास्त्राचं अख्ख्या जर्मनीतलं एकमेव अध्यासन हे होतं. हा विषय शिकायचा तर दुसरीकडे जाणार तरी कुठे? त्याच वर्षी त्यांनी व्हान्ट हॉफ यांना सोबत घेऊन या विषयाचं नियतकालिक सुरू केलं. पहिल्याच खंडात व्हान्ट हॉफ यांचा ऑस्मॉटिक दाबावरचा लेख आला आणि आऱ्हेनियस यांचा, मीठ पाण्यात पडताच त्याचे विद्युतभारित तुकडे होतात असं सांगणारा लेखही. जुन्या वळणाच्या रसायनशास्त्रज्ञांनी या मंडळींना ‘आयनवाल्यांची रानटी फौज’ म्हणून हिणवलं. फौजेनं ते नाव आनंदानं मिरवलं.

एक तरुण सहायक तुम्हाला बाक दाखवतो. काम सोपं दिसतं. ॲसिटिक ॲसिडच्या द्रावणाची वाहकता मोजायची. द्रावण निम्मं निम्मं पातळ करत जायचं आणि प्रत्येक वेळी मोजायचं. एवढंच. दुपारपर्यंत आटपेल, असं तुम्हाला वाटतं.

सकाळचा बराच वेळ नुसत्या पाण्यात जातो. एकदा ऊर्ध्वपातन केलेलं पाणी इथे चालत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला असतो. काचेतूनही थोडा अल्कली पाण्यात उतरतो. द्रावण दाट असेल तर ही भेसळ लक्षात येत नाही. पण हजार लिटर पाण्यात एक मोल ॲसिड अशी वेळ आली की पाण्याची स्वतःची वाहकता ॲसिडच्या वाहकतेत मिसळते आणि आकडे फसवे येतात. म्हणून पाणी पुन्हा उकळायचं, वाफ कथलाच्या नळीतून नेऊन थंड करायची, पहिला भाग टाकून द्यायचा, मधला ठेवायचा. आणि ॲसिड घालण्याआधी त्या पाण्याची वाहकता मोजून वहीत लिहायची. ती जास्त आली तर पुन्हा पहिल्यापासून. पहिला प्रयोग फसून परत पाणी उकळत बसलेला एक विद्यार्थी शेजारी आहेच. त्याला कुणी रागावत नाही, आणि त्याच्यावर दयाही कुणी दाखवत नाही.

पाणी झालं की थर्मोस्टॅट. पाण्याची एक मोठी टाकी आहे, तापमान २५ अंशांवर ठेवायचं. हे ठेवतं कोण? काचेच्या एका फुग्यात टोल्युइन भरलेलं आहे. टाकी जरा तापली की टोल्युइन प्रसरण पावतं, पाऱ्याला वर ढकलतं, पारा गॅसच्या वाटेत आडवा येतो आणि खालची ज्योत लहान होते. टाकी निवली की पारा खाली सरकतो, ज्योत मोठी होते. ढवळायची सोयही बघा. टाकीच्या वर पातळ पात्यांचं चक्र आहे, त्याखाली एक चिमुकली ज्योत. वर चढणाऱ्या गरम हवेनं चक्र फिरतं आणि पाण्यातली ढवळणी फिरवतं. गॅस असेपर्यंत हे रात्रंदिवस चालू राहतं. ओस्टवाल्ड ही उपकरणं स्वतः जुळवत आले. वडील रिगामध्ये पिंपं बनवायचे, आणि लहानपणी मुलगा घरीच फटाके, फोटोच्या काचा असं काय काय करत बसे. हातानं काम करण्याची ती सवय पुढेही सुटली नाही. ‘भौतिक-रासायनिक मोजमापांची पुस्तिका’ म्हणून १८९३ साली त्यांनी जो ग्रंथ छापला, त्यात काच कशी फुंकायची, तार कशी तपासायची, पारा कसा स्वच्छ करायचा, हे सगळं आहे. प्राध्यापकानं असलं लिहिणं तेव्हाच्या विद्यापीठांत जरा कमीपणाचंच मानलं जात असे.

आता मुख्य भाग. काचेच्या पात्रात प्लॅटिनमच्या दोन चकत्या समोरासमोर आहेत, वर प्लॅटिनमचाच काळा मखमली थर. त्यांना बोट लावायचं नाही. पात्रातून बॅटरीचा सरळ प्रवाह सोडला तर इलेक्ट्रोडवर रसायन साचतं आणि मोजमापाचा विचका होतो. म्हणून कोलराउश यांनी उलटसुलट प्रवाहाची पद्धत काढली. कोपऱ्यात लहानशी इंडक्शन कॉइल आहे, डासासारखी बारीक गुणगुणणारी. समोर पट्टीवर ताणलेली एक मीटर लांबीची तार, तिच्यावर सरकणारा स्पर्शक. आणि कानाला टेलिफोनचा रिसीव्हर.

टेलिफोन, बरोबर वाचलंत. गॅल्व्हानोमीटरची सुई उलटसुलट प्रवाहाला दाद देत नाही, म्हणून इथे कान हेच उपकरण. स्पर्शक डावीकडे सरकवा, गुणगुण वाढते. उजवीकडे सरकवा, कमी होत जाते, अजून कमी, मग पुन्हा वाढते. मधे कुठेतरी ती जवळपास विरते. ती जागा म्हणजे ब्रिजचा तोल. आता पट्टी वाचायची. एका बाजूनं येऊन एकदा, दुसऱ्या बाजूनं येऊन पुन्हा एकदा, आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. दार हळू लावायचं, खुर्ची सरकवायची नाही. पलीकडच्या बाकावरचा गृहस्थ डोळे मिटून ऐकतो आहे. आमच्या पिढीतल्या काहींनी कॉलेजात ब्रिज जुळला की पाचूसारखी उजळणारी ‘मॅजिक आय’ पाहिली. आताच्या मुलांना थेट आकडा दाखवणारा डबा मिळतो. डब्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यात तोल शोधणारा कुणी उरत नाही.

पहिलं रीडिंग झालं. आठ लिटरात एक मोल. आता पिपेटनं पात्रातलं निम्मं द्रावण काढून घ्या, तितकंच पाणी टाका. अर्थात तेही २५ अंशांवर आणलेलं. झालं सोळा लिटर. थांबा, तापमान स्थिर होऊ द्या. ऐका, वाचा, लिहा. पुन्हा निम्मं काढा. बत्तीस. चौसष्ट. एकशे अठ्ठावीस. दिवे लागायची वेळ होते तेव्हा तुम्ही १०२४ लिटरांवर पोचलेले असता. पाठ धरलेली असते, एक कान गरम झालेला असतो.

मग हिशेब. आठ लिटरला ॲसिटिक ॲसिडच्या रेणूंपैकी १.१९ टक्के आयनांत फुटलेले. १०२४ लिटरला १२.६६ टक्के. आकडे दहापट हलले आहेत. त्यातून नियम कसला निघणार? सहायक येऊन कागदावर एक साधी कृती मांडतो: फुटलेल्या भागाचा वर्ग घ्यायचा. त्याला न फुटलेल्या भागानं भागायचं आणि मग लिटरांनी. पहिल्या ओळीत येतं ०.००००१८०. शेवटच्या ओळीत ०.००००१७९. मधल्या सगळ्या ओळी त्याच्याच आसपास. दिवसभर हललेल्या आकड्यांच्या पोटात एक आकडा जागचा हलत नव्हता. १८८८ साली ओस्टवाल्ड यांनी छापलेला विरलनाचा नियम तो हाच, आणि त्यांनी तो एका ॲसिडावर भागवला नाही. सेंद्रिय आम्लांची रांग लावून शेकड्यांनी असे स्थिरांक काढले.

इथे मला थांबून एक गोष्ट बोलायची आहे. आपल्याकडे हा नियम फळ्यावर आधी येतो. दोन ओळींचं डेरिव्हेशन, खाली चौकट, ‘हे परीक्षेला नक्की’ असा शेरा. प्रॅक्टिकल येतं चार महिन्यांनी, तेव्हा उत्तर सगळ्यांना पाठ असतं. मग मुलं उत्तरावरून उलटं रीडिंग काढतात. ज्याचं पहिलं रीडिंग खरं असतं, त्याचं उत्तर नेमकं जरा हललेलं येतं, आणि व्हायवात तोच बोलणी खातो. लाइपझिगच्या बाकावर स्थिरांक संध्याकाळी दिसतो, आणि तो तुमच्या कानानं शोधलेला असतो. त्याची किंमत वेगळी.

दुसऱ्या दिवशी सहायक तुम्हाला हायड्रोक्लोरिक ॲसिड देतो. सगळं तेच. तीच तार, तोच टेलिफोन, तेच निम्मं निम्मं. संध्याकाळी हिशेब करता तर ‘स्थिरांक’ दहापटीहून जास्त हललेला. तुम्ही पाण्यावर संशय घेता, मग इलेक्ट्रोडवर, मग स्वतःच्या कानावर. सहायक वही बघतो आणि हसतो. चूक तुमची नाही. तीव्र आम्लांना, तीव्र अल्कलींना, क्षारांना हा नियम लागूच पडत नाही, आणि हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. का लागू पडत नाही, हे १९०० साली कुणाला सांगता येत नाही. सगळ्या विषयाच्या पायाखाली हे भोक आहे. ते झाकायला तुम्हाला कुणी सांगत नाही, उलट दुसऱ्याच दिवशी तेच विद्यार्थ्याच्या हातात देतात. मला विचाराल तर या संस्थेचं सगळ्यात मोठं शिकवणं या दुसऱ्या दिवसात होतं.

बाकांमधून फिरून या. एका कोपऱ्यात गेओर्ग ब्रेडिग यांचं काम चाललंय. पाण्याखाली प्लॅटिनमच्या दोन तारांमध्ये विजेची ठिणगीदार कमान पेटवायची, की पाणी तपकिरी-काळं होत जातं. प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात. हे पाणी खूप पातळ केलं तरी त्यात घातलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड भराभर फुटत जातं. दर थोड्या वेळानं नमुना काढून पोटॅशियम परमँगनेटनं टायट्रेट करायचा, किती पेरॉक्साइड उरलं ते लिहायचं. मग त्यात हायड्रोसायनिक ॲसिडचे थोडेसे थेंब. कडू बदामाचा वास येतो आणि प्लॅटिनम थंड पडतं. शरीरातल्या किण्वांना जे विष मारतं, तेच धातूलाही लुळं करतं. या कामात ब्रेडिग यांच्या जोडीला तो जपानी पाहुणा आहे, किकुनाए इकेदा. नाव लक्षात ठेवा. मायदेशी परतल्यावर १९०८ साली इकेदांनी समुद्रशेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. चायनीजच्या गाडीवर कढईत पडणारी आजिनोमोटोची चिमूट या माणसाच्या कामातून आली.

त्याच इमारतीत एबरहार्ड ब्राउअर नावाचा तरुण सहायक तापलेल्या प्लॅटिनमवरून अमोनिया आणि हवा सोडतोय. पलीकडे नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, पाण्यात गेले की नायट्रिक ॲसिड. १९०२ साली त्याचं पेटंट होईल. ओस्टवाल्ड यांना चिंता आहे ती चिलीहून येणाऱ्या सोऱ्याची. समुद्रमार्ग बंद झाला तर जर्मनीला ना खत, ना दारूगोळा. पुढच्या महायुद्धात नेमकं तेच झालं, आणि या प्रयोगशाळेतून निघालेल्या पद्धतीनं युद्ध लांबवलं. त्याच पद्धतीनं आज ट्रॉम्बेच्या आरसीएफ या खत कारखान्यातही नायट्रिक ॲसिड तयार होतं, आणि शेतकरी ज्याला नुसतं ‘सुफला’ म्हणतो त्या खताच्या पोत्यात ते पोचतं.

नायट्रिक ॲसिडसाठी अमोनिया हवा, आणि अमोनियाच्या बाबतीत याच वर्षी गुरुजींना एक ठेच लागली आहे. तापलेल्या लोखंडावर नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र करून आपण अमोनिया मिळवला, असं ओस्टवाल्ड यांनी बीएएसएफ या रसायन कंपनीला कळवलं होतं. कंपनीनं तपासायला दिलं कार्ल बॉश नावाच्या नव्या पोराला. दोनच वर्षांपूर्वी याच लाइपझिगमधून डॉक्टरेट घेतलेला. त्यानं सांगितलं, अमोनिया आला तो लोखंडात आधीच अडकलेल्या नायट्रोजनमधून. त्याचं म्हणणं खरं निघालं, आणि ओस्टवाल्ड यांनी पेटंटचा अर्ज मागे घेतला. हेच अमोनियाचं काम पुढे हाबर आणि त्याच बॉशनं तडीला नेलं.

गुरुजी स्वतः? हल्ली ते रोज प्रयोगशाळेत येतीलच असं नाही. पाच वर्षांपूर्वी अतिश्रमानं ते आजारी पडले होते. तेव्हापासून बाकांवरचं रोजचं बघणं सहायकांकडे आहे. पण परिसंवादाला ते असतात. विद्यार्थी उभा राहून आपलं काम सांगतो, बाकीचे अडवतात, ओस्टवाल्ड मधे एखादी कल्पना टाकतात आणि ती कुणी उचलली तर तिच्यावर हक्क सांगत नाहीत. कल्पना वाटण्यात हा माणूस उधळा होता. पारखही तशीच. १८८४ च्या जूनमध्ये, रिगाला असताना, एकाच दिवशी तीन गोष्टी त्यांच्या वाट्याला आल्या: असह्य दातदुखी, घरात जन्मलेली मुलगी, आणि स्वान्ते आऱ्हेनियस नावाच्या अनोळखी स्वीडिश तरुणाचा प्रबंध. उप्सालाच्या परीक्षकांनी तो प्रबंध जेमतेम पास केला होता. ओस्टवाल्ड यांनी वाचला आणि उन्हाळ्यात ते स्वतः बोटीनं स्वीडनला जाऊन त्या तरुणाला भेटले. नावाजलेला प्राध्यापक भेटायला येतो म्हटल्यावर उप्सालाच्या मंडळींचा सूर बदलला. आऱ्हेनियस यांना १९०३ साली नोबेल मिळालं. त्या दिवशी जन्मलेली एलिझाबेथ पुढे ब्राउअर यांची बायको झाली.

आता व्याख्यानाला चला. दालन भरलेलं आहे. ओस्टवाल्ड कागद न बघता बोलतात, स्पष्ट आणि वेगानं. तुम्ही वही उघडून बसता आणि थोड्या वेळानं तुम्हाला चुकल्यासारखं वाटू लागतं. ऊर्जा आहे, तिची रूपांतरं आहेत, समतोल आहे, वेग आहे. पण अणू कुठे आहे? तो येतच नाही. आला तरी एक कामचलाऊ कल्पनाचित्र म्हणून येतो, रसायनशास्त्राला ज्याच्यावाचून भागेल असं. या माणसाचा अणूवर विश्वास नाही. आयनांच्या फौजेचा सेनापती, ज्याच्या बाकावर तुम्ही दिवसभर रेणू किती टक्के फुटले ते मोजलं, तो रेणूंना खरं मानत नाही! त्याच्या दृष्टीनं खरं ते मोजलेलं. वाहकता मोजली, उष्णता मोजली, दाब मोजला. अणू कुणी मोजलाय?

यावरून पाच वर्षांपूर्वी ल्युबेकच्या सभेत मोठी खडाजंगी झाली होती. समोर होते लुडविग बोल्ट्झमन, ज्यांनी आयुष्यभर अणूंची गणितं केली. सभेला हजर असलेले भौतिकशास्त्रज्ञ झोमरफेल्ड यांनी पुढे लिहून ठेवलं की बैल आणि बैलाशी झुंजणारा असा तो सामना होता, आणि यावेळी बैल, म्हणजे बोल्ट्झमन, जिंकला. गंमत अशी की याच १९०० च्या शरदात बोल्ट्झमन लाइपझिगला प्राध्यापक म्हणून रुजू झाले आहेत, आणि त्यांना इथे आणण्यात पुढाकार ओस्टवाल्ड यांचाच. वैचारिक शत्रूला आपल्याच विद्यापीठात बोलावून घ्यायचं, ही दानत आजच्या निवड समित्यांत शोधून सापडणं कठीण. बोल्ट्झमन इथे रमले नाहीत. दोन वर्षांत ते व्हिएन्नाला परत गेले. १९०६ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी, व्याख्यानांचा कंटाळा येऊन, ओस्टवाल्ड नोकरी सोडून ग्रोसबोथेन गावातल्या घरी राहायला गेले. घराचं नाव ‘एनर्गी’.

दोनच वर्षं पुढे सरका. १९०८. पॅरिसमध्ये झाँ पेरँ पाण्यातल्या राळेच्या सूक्ष्म कणांचं नाचणं मोजतो, आणि त्यावरून रेणूंची संख्या काढतो. अणू आता मोजला गेला. ओस्टवाल्ड आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सरळ लिहितात की पुरावा पटला, अणू मान्य. पुढच्या वर्षी त्यांना नोबेल मिळालं, उत्प्रेरण, रासायनिक समतोल आणि वेग यांवरच्या कामाबद्दल. मोजलं नाही ते मानायचं नाही, आणि मोजलं गेल्यावर अडून बसायचं नाही, एवढी सोपी त्यांची शिस्त होती. अणूंच्या बाबतीत ते चुकले होते, हे सगळे सांगतात. त्यांच्या हाताखालच्या कुणाचंही काम त्या चुकीमुळे अडलं नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

आता झटपट दोन मुक्काम. पहिला लंडन, १९२०. युनिव्हर्सिटी कॉलेजात फ्रेडरिक डोनन यांची प्रयोगशाळा. डोनन लाइपझिगचे, १८९६ साली ओस्टवाल्ड यांच्याकडे पीएच.डी. झालेले. त्यांच्याकडे या काळात भारतीय मुलं दिसतात. एक पंजाबातून आलेले शांतिस्वरूप भटनागर, दुसरे कलकत्त्याचे ज्ञानचंद्र घोष. घोष यांनी हात घातला तो नेमका त्या दुसऱ्या दिवसाच्या प्रश्नाला. तीव्र क्षार आयनांत पूर्णच फुटतात, आणि द्रावणातही ते आयन स्फटिकासारख्या मांडणीत एकमेकांना धरून असतात, असं त्यांनी १९१८ साली कलकत्त्याहून मांडलं. उत्तर पुरतं बरोबर नव्हतं. बरोबर उत्तर डेबाय आणि ह्युकेल यांनी १९२३ साली दिलं. पण लाइपझिगच्या बाकावरचं भोक कलकत्त्यात बसून बुजवायचा प्रयत्न झाला, आणि युरोपला त्याची दखल घ्यावी लागली.

दुसरा मुक्काम आपल्या घरचा. पुणे, पाषाण, ३ जानेवारी १९५०. पंतप्रधान नेहरू राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन करतात. ती ज्या सीएसआयआरची, त्या संस्थेची सूत्रं त्याच भटनागर यांच्या हाती आहेत. प्रयोगशाळेचे पहिले संचालक कोण? जेम्स विल्यम मॅकबेन, कॅनडाचे. ब्रेडिग लाइपझिग सोडून १९०१ साली ज्या हायडेलबर्गला गेले, तिथलीच त्यांची डॉक्टरेट. पुढे ब्रिस्टल आणि स्टॅनफर्डला शिकवलं. मॅकबेन यांचं नाव झालं साबणानं. साबणाचं पाणी विजेला वाट चांगली देतं, म्हणजे त्यात आयन भरपूर असायला हवेत. पण ऑस्मॉटिक दाबाच्या बाजूनं मोजलं तर कण फारच थोडे निघतात. दोन मोजमापं एकमेकांशी भांडत होती. मॅकबेन यांनी दोन्ही खरी मानली आणि म्हटलं, आयन गठ्ठा करून राहत असतील. मायसेल म्हणतात ते हेच. १९१३ साली त्यांनी हे लंडनच्या सभेत मांडलं, तेव्हा अध्यक्षांनी त्याला वेडगळपणा ठरवल्याचा किस्सा सांगतात. कपडे धुताना मळ पाण्यात कसा उतरतो, हे आज शाळेत त्याच वेडगळपणानं समजावतात.

परत यायची वेळ झाली. कोट खुंटीला लावा.

फिजिकल केमिस्ट्री शिकवत असाल, तर एक विनंती. ॲसिटिक ॲसिडचा तो प्रयोग अजून अभ्यासक्रमात आहे. यंदा तो नियम फळ्यावर लिहिण्याआधी प्रॅक्टिकलला लावा, आणि त्याच आठवड्यात मुलांना हायड्रोक्लोरिक ॲसिडही द्या. जर्नल तपासताना एखाद्याचं उत्तर ०.००००१८ पासून लांब दिसलं, तर त्याच्याकडून आकडा बदलून घेऊ नका. आधी त्यानं वापरलेल्या पाण्याची वाहकता बघा.